भरल्या तलावाचा पूरबंदोबस्त

२०१९ च्या सप्टेंबरात शिवगंगा नदीच्या काठी पुराने जो अनर्थ घडला, त्याच्या नंतर भोर आणि वेल्हे (ज्याचे सरकारी नाव आता राजगड) या दोन तालुक्यांत एक मत ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येऊ लागले आहे. आणि ते मत इतके सुलभ, इतके स्वस्त व ऐकणाऱ्याच्या जिवाला इतका दिलासा देणारे आहे की, त्याला हरकत घेणारा मनुष्य एक तर स्वभावाने तऱ्हेवाईक किंवा कोणा ठेकेदाराशी बिनसलेला असला पाहिजे, असा समज होणे अगदी साहजिक आहे. ते मत असे की, सिंहगड-कात्रजच्या डोंगरापासून राजगड-तोरण्याच्या पायथ्यापर्यंत जेवढे म्हणून ओढे खाली उतरतात, त्या प्रत्येकावर मातीचा एकेक लहानसा बांध घातला, तर पावसाळ्यात पूर जागच्या जागी अडेल, उन्हाळ्यात विहिरींना पाणी राहील, माती तिथल्या तिथे मिळत असल्यामुळे खर्चही बेताचा येईल, आणि बांध लहानच असल्यामुळे त्यापासून कोणाला भय ते कसले असणार? या मताच्या प्रचारासाठी कापूरहोळच्या परिसरात होणाऱ्या व्याख्यानाचा प्रारंभ संभाजीराजांची दूधआई धाराऊ हिच्या स्मरणाने व्हावा हे या गावच्या इतिहासाला शोभणारेच आहे. परंतु त्या पुण्यस्मरणानंतर वक्त्याने श्रोत्यांस ज्या धरणाकडे न्यावे, त्या धरणाची थोडी उलटतपासणी झाली पाहिजे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, मातीच्या बांधाशी माझे वैर नाही. १९७२ च्या दुष्काळात उपाशी माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून या महाराष्ट्रात जे पाझर तलाव उभे केले, आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर त्यांत जी भर पडत गेली, त्यांनी खालच्या विहिरींचे पाणी टिकवले, एका पिकाच्या जागी दोन पिके येऊ दिली. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाताना ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्या भोरच्या माणसाला आपल्या शिवारात आपल्या मालकीचे चार महिन्यांचे पाणी असावेसे वाटते, या इच्छेत गैर काहीच नाही. तेव्हा तहानेसाठी बांध घालावयाचा असेल तर खुशाल घालावा, आणि कागदावर तसे स्वच्छ लिहावे. माझी तक्रार सुरू होते ती त्याच बांधाच्या कैफियतीत पूरनियंत्रण हा शब्द घुसडला जातो तेव्हा. कारण तहान आणि पूर या दोन धन्यांची चाकरी एकाच लहान बांधाने एकाच वेळी करावी, ही गोष्ट निसर्गनियमाला मंजूर नाही.

कारण उघड आहे, पण उघड असल्यामुळेच ते कोणी बोलून दाखवीत नाही. तहान भागवणारा तलाव जितका भरलेला तितका चांगला. पूर अडवणारा तलाव जितका रिकामा तितका चांगला. मोठ्या धरणाच्या पोटात या दोन्ही कामांसाठी वेगवेगळी जागा राखता येते. दरवाजे असतात, अभियंता असतो, आवक-जावकीचा तक्ता असतो, आणि कोणत्या तारखेस पाणी कोणत्या पातळीस ठेवावयाचे हे लेखी मुक्रर झालेले असते. ओढ्यावरच्या मातीच्या बांधाला यांतले काहीच नसते. त्याला एक सांडवा असतो आणि सांडव्याच्या पातळीपर्यंत भरून राहणे एवढीच त्याची दिनचर्या असते. घाटमाथ्याकडे मृग-आर्द्रा नीट लागल्या की आषाढ सरता सरता हे तलाव काठोकाठ होतात, श्रावणात सांडव्यावरून वाहू लागतात, आणि मग गावकरी समाधानाने सांगतात की यंदा तळे भरले. शिवगंगेच्या खोऱ्यात, आंबील ओढ्यावर आणि पलीकडे कऱ्हेच्या पात्रात ज्या रात्री हाहाकार उडाला, ती २५ सप्टेंबरची रात्र पितृपंधरवड्यातली होती. खेड-शिवापूरच्या दर्ग्यात निर्धास्त निजलेली माणसे त्या रात्री वाहून गेली. त्या वेळी वरच्या अंगाला शंभर बांध असते, तर ते शंभरच्या शंभर भरलेले असते. भरलेल्या रांजणावर पन्हळीचे पाणी सोडले म्हणजे अंगण कोरडे राहते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी वाद करण्यात अर्थ नाही. बाकीच्यांसाठी थोडे गणित मांडतो.

एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे असे धरा, आणि तीन तासांत त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे समजा; ढगफुटीच्या रात्री एवढा पाऊस अशक्य नाही. हे पाणी ५ लाख घनमीटर झाले. पावसाळ्याच्या अखेरीस भिजून तृप्त झालेली डोंगराची जमीन त्यातले फारसे पिऊ शकत नाही. तरी उदारपणे १०० पैकी ३० भाग मुरला असे मानले तर साडेतीन लाख घनमीटर पाणी ओढ्यात उतरते. आता आमच्या प्रस्तावित बांधाची साठवण १ लाख घनमीटर धरू, आणि ओढ्यावरच्या लहान बांधाच्या मानाने हा हिशेब मी बांधाच्या बाजूनेच करीत आहे. तलाव तळापर्यंत कोरडा असता, तरीही आलेल्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच त्यात मावले असते, आणि तो हिस्सा पुराच्या पहिल्या तासातला, म्हणजे लोंढा शिगेला पोहोचण्यापूर्वीचा असता. तलाव भरलेला असताना किती मावले असते हे सांगावयाची गरज नाही.

येथे जाणकार प्रतिपक्षी मला थांबवील, आणि त्याचा आक्षेप खरा असल्यामुळे तो मी लपवणार नाही. तो म्हणेल की भरलेला तलावसुद्धा पुराला थोडा धरून ठेवतो, कारण सांडव्यावरून पाणी जाऊ लागण्यासाठी तलावाची पातळी आधी सर्वत्र वर चढावी लागते, आणि जेवढी ती चढली तेवढे पाणी तात्पुरते अडून उशिरा खाली जाते. बरोबर आहे. परंतु किती? पाच हेक्टर पसरलेल्या तलावाची पातळी ६० सेंटिमीटर चढली तर हे अडलेले पाणी ३० हजार घनमीटर होते, म्हणजे आमच्या साडेतीन लाखांच्या दहाव्या हिश्शालाही ते पुरत नाही. एवढ्याशा सूटसवलतीला पूरनियंत्रण असे भारदस्त नाव द्यावयाचे, आणि त्या नावाच्या भरवशावर खालच्या अंगास ओढ्याच्या काठाला प्लॉट पाडावयाचे, याला मी भाबडेपणा म्हणावयास तयार नाही; कारण प्लॉट पाडणारा मनुष्य भाबडा असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा युक्तिवाद बांधाच्या लहानपणाचा. लहान बांध, लहान धोका, असे हे त्रैराशिक आहे. आणि त्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्याने २ जुलै २०१९ च्या रात्री देऊन ठेवले आहे. तिवरे येथील मातीचे धरण राज्याच्या मोठ्या प्रकल्पांच्या यादीत कोठेच बसणारे नव्हते. ते लघुपाटबंधाऱ्याचे काम होते, आणि ते बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती. त्या रात्री ते फुटले, भेंदवाडीतील घरे उठली, आणि वीसहून अधिक माणसे दगावली. धरण लहान असले तरी त्याच्या पायथ्याशी असलेल्या वाडीला ते लहान नसते. उलट मोठ्या धरणापासून पूर येण्यास काही तास तरी लागतात, येथे झोपेतून उठण्याइतकाही अवधी मिळत नाही. धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी अगोदर केल्या होत्या. यावर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी जो खुलासा केला तो महाराष्ट्र अद्याप विसरला नसेल: बांध खेकड्यांनी पोखरला!

या खुलाशाची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली, खेकड्यांवर गुन्हा दाखल करण्याच्या मागण्या झाल्या, आणि त्या हशात मूळ मुद्दा वाहून गेला. मला विचाराल तर खेकडा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. खेकडा, घूस, उंदीर आणि बांधावर उगवलेल्या बाभळीची मुळे ही सारी मंडळी भरावात वाटा पाडतात, हे पाटबंधाऱ्याच्या खात्यातील साध्या कारकुनालाही ठाऊक असते. मातीच्या बांधातून पाणी थोडेफार झिरपतच असते. ते निवळशंख आहे तोवर चिंता नसते, परंतु ते गढूळ दिसू लागले म्हणजे बांधाच्या पोटातले बारीक कण बाहेर येत आहेत, आत पोकळी वाढत आहे आणि पाण्याने आपला मार्ग काढला आहे असे समजावयाचे. म्हणूनच बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, बिळे बुजवावीत, पाण्याकडील दगडी पिचिंग ढासळले तर पुन्हा बसवावे, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याने माणूस हिंडवावा, असा या विद्येचा प्राचीन दंडक आहे. खेकडा हा बांधाच्या आयुष्यातील नित्याचा पाहुणा आहे. त्याला जबाबदार धरणे म्हणजे ज्याने पाहणी करावयाची होती त्याला सुट्टी देणे होय. मंत्र्यांच्या वाक्यात प्राणिशास्त्र चुकलेले नव्हते, जबाबदारीचा धनी चुकलेला होता.

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा दाखला तर वेल्हे तालुक्याच्याच पोटात आहे, आणि तो असा की भोर-वेल्ह्यातील माणसाला तो नव्याने सांगावा लागू नये. आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटले. ‘पानशेत केवढे आणि आमचा बांध केवढा’ असे म्हणून हा दाखला झटकून टाकण्याची रीत आहे. परंतु पानशेतने शिकवलेला धडा आकाराचा नव्हता. त्या धरणाचे काम पुरते झालेले नसताना, पाणी बाहेर काढणाऱ्या नळाचे व त्याच्या दरवाजांचे काम अपुरे असताना, त्या पावसाळ्यात पाणी साठू दिले गेले. अपुऱ्या नळातून धावणाऱ्या पाण्याने वरचा भराव खचू लागला, आणि लष्कराच्या जवानांनी भर पावसात रात्रभर वाळूची पोती रचूनही तो वाचला नाही. पाणी माथ्यावरून गेले की मातीचे धरण संपले. त्याच दिवशी खाली असलेल्या, १८७९ च्या सुमारास बांधलेल्या खडकवासल्याच्या दगडी भिंतीवरूनही पाणी गेले. तीही अखेर फुटली, पण पाणी डोक्यावरून वाहत असताना ती काही तास उभी राहिली. मातीला हे काही तास मिळत नाहीत. म्हणून मातीच्या बांधाचा प्राण त्याच्या भरावात नसून सांडव्यात असतो, आणि आमच्याकडे लहान बांधाच्या अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाली की पहिली कात्री सांडव्याच्या रुंदीवरच चालते, कारण सांडवा ही फोटोत न येणारी वस्तू आहे.

पुढे त्याच सांडव्यावर मासेमारीचा ठेकेदार मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावतो. पहिल्याच लोंढ्याबरोबर आलेला पालापाचोळा त्या जाळीला बसतो, आणि सांडवा बंद. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क येथे धनिक मंडळींच्या क्लबाने मातीच्या एका धरणाच्या सांडव्यावर माशांसाठीच जाळ्या बसवल्या होत्या आणि गाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथाही खाली उतरवला होता. ३१ मे १८८९ रोजी ते धरण फुटून जॉन्सटाउन शहर उद्ध्वस्त झाले व २,२०९ माणसे मेली. आमच्या ठेकेदाराने हा इतिहास वाचला नसेल; ज्याने त्याला ठेका दिला, त्या कचेरीने तो वाचावयास हरकत नव्हती.

मग मातीच्या बांधाने पूर अडवताच येत नाही काय? येतो, आणि त्याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. ओहायो प्रांतातील डेटन शहर १९१३ च्या मार्चात बुडाले, त्यानंतर आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मायामी नदीच्या खोऱ्यात मातीची पाच धरणे १९२२ पर्यंत उभी राहिली. (हे मॉर्गन पुढे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाचे सभासद म्हणून भारतात आले आणि ग्रामीण विद्यापीठांची कल्पना आपल्यापुढे मांडून गेले, दुर्दैवाने त्यांच्या धरणांची कल्पना कोणी त्यांच्याकडून मागून घेतली नाही.) या पाच धरणांचे वैशिष्ट्य हे की त्यांना दरवाजे नाहीत. भिंतीच्या तळाशी कायमची उघडी तोंडे आहेत, आणि ती अशा बेताची ठेवली आहेत की खालच्या नदीच्या पात्रात मावेल तेवढेच पाणी त्यांतून जावे. नेहमीच्या दिवशी नदी त्यांतून सरळ वाहते. पूर आला म्हणजे जादा पाणी मागे तुंबते, काही दिवसांत आपोआप ओसरते, आणि मागच्या जमिनीत पुन्हा शेती चालते. शंभर वर्षांत हजाराहून अधिक वेळा या धरणांनी पाणी तुंबवले आणि सोडले. पुढे १९४४ व १९५४ च्या कायद्यांखाली त्या देशाने लहान ओढ्यांवर अकरा हजारांहून अधिक बांध घातले, आणि त्यांतही पुरासाठी राखलेली जागा रिकामी ठेवण्याची तजवीज आराखड्यातच केलेली असते.

असा बांध कापूरहोळच्या वरच्या अंगास घालण्यास माझी संमती आहे. परंतु आमच्या पूरनियंत्रणवादी मित्रांनी मनावर हात ठेवून सांगावे की, तळाशी भगदाड ठेवलेले आणि बाराही महिने कोरडे राहणारे धरण आमचे लोक सहन करतील काय? ज्या वाडीवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिच्या डोळ्यांदेखत नवे कोरे धरण सगळे पाणी वाहू देते, हे दृश्य किती पावसाळे टिकेल? पहिल्या वर्षी कुरकुर होईल, दुसऱ्या वर्षी निवेदन जाईल, आणि तिसऱ्या वर्षी कोणीतरी रात्रीतून त्या तोंडात फळ्या, पोती व मुरूम ठोकून ते बंद करील. आणि तसे करणाऱ्याला मी दोष देऊ शकणार नाही, कारण त्याची तहान खरी आहे. म्हणजे पूरनियंत्रणासाठी म्हणून घातलेला बांध तीन वर्षांत साधा साठवण तलाव होणार, आणि तोही असा की ज्याचा सांडवा साठवण तलावाच्या हिशेबाने काढलेलाच नव्हता. यापेक्षा अधिक घातक वस्तू ओढ्यावर उभी करणे कठीण आहे.

आणि हे सर्व पाहणार कोण? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याचा हवाला मला पुष्कळदा दिला जातो. तो कायदा मी वाचला आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीची येतात ती काही अटींवर, जसे की माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठवण किमान १० लाख घनमीटर. आमचा १ लाख घनमीटरांचा, आठ-नऊ मीटर उंचीचा बांध या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. खाली उरते जिल्हा परिषदेचे लघुपाटबंधारे खाते व मृद-जलसंधारण खाते, आणि कोणता तलाव कोणाच्या दफ्तरी आहे याविषयी त्यांच्यात चालणारा पत्रव्यवहार. ठेकेदाराचे अखेरचे बिल निघाले, दोषदायित्वाची मुदत सरली, की बांध निराधार झाला. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांनी पाटकरी नेमला होता, हवालदार नेमला होता, जागल्या नेमला होता, आणि त्यांना धान्य देऊन पोसले होते. पाण्याची जागा म्हणजे राखणदार असलेली जागा, हे त्यांस शाळेत न जाता कळले होते. आमच्या नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात माती आहे, मुरूम आहे, दगड आहे, भूमिपूजनाचा मंडपही कोणीतरी बसवील. जागल्याच्या पगाराचे खाते मात्र मला कोठे आढळत नाही.

शेवटी एक गोष्ट या वादात कोणी काढीतच नाही, ती मी काढतो. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याच्या दक्षिणेस, भोर तालुक्यातील शिंदेवाडीजवळ, पहिल्याच जोराच्या पावसात महामार्गावर पाण्याचा आणि चिखलाचा लोट येऊन एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. वर धरण नव्हते म्हणून तो लोट आला काय? वरचा डोंगर फोडला होता, ओढ्याची जुनी वाट भरावाखाली गेली होती, आणि पाण्याने उताराला जी वाट मोकळी सापडली, ती नेमकी महामार्गाची निघाली. त्यानंतर कात्रजपासून कापूरहोळपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांस किती ओढ्यांवर हॉटेले, गोदामे आणि प्लॉट उभे राहिले, किती ठिकाणी दोन गाळ्यांच्या मोरीचे एका नळावर भागवले गेले, हे पाहण्यासाठी अभियंता लागत नाही. गावच्या जुन्या नकाशावर ओढ्याची रुंदी आहे, आणि तो नकाशा मागेल त्याला भूमिअभिलेखाच्या कचेरीत फी भरून मिळतो. त्या नकाशाबरहुकूम ओढ्याची मोजणी करावी, अतिक्रमणे काढावीत आणि महामार्गाखालच्या मोऱ्या पाणलोटाच्या हिशेबाने रुंद कराव्यात, अशी मागणी आमच्या पूरनियंत्रणवाद्यांनी एकदा करून पाहावी. बांधाच्या मागणीवर सर्वांच्या सह्या होतात, कारण त्यात कोणाचीच भिंत पडत नाही. या दुसऱ्या मागणीच्या कागदावर पहिल्या दहा सह्या कोणाच्या पडतात, आणि कोणाच्या पडत नाहीत, हे पाहावयास मी उत्सुक आहे.